नलूताईंविरुद्धची तक्रार

नलूताईंनी आमची डिश बदलली, अशी लेखी तक्रार मी केली होती. डोळ्यांनी मी काहीच पाहिलं नव्हतं. नुसता संशय होता.

भिलाईत सेक्टर १० ला त्या आमच्या शेजारी राहायच्या. मूळच्या भंडाऱ्याकडच्या. सिविक सेंटरजवळच्या एका वंध्यत्व उपचार केंद्राच्या लॅबमध्ये अंडी आणि शुक्राणू डिशमध्ये एकत्र ठेवण्याचं काम त्यांचं. अकरा वर्षांची ओळख, तरी नमुना घेताना दर वेळी मला पूर्ण नाव विचारायच्या.

"ताई, मी सुरेश."

"घरी सुरेश. इथं मी कोनाले ओळखत नाही. बापाचं नाव सांगा."

मी आणि मीना नऊ वर्षं मुलाची वाट पाहत होतो. पहिल्या खेपेला सहा अंडी मिळाली, एकही फळलं नाही. दुसऱ्या खेपेला पाच, तेही तसंच. ताई म्हणाल्या, "शुक्राणू चांगले पळून राहिले, भाऊ. पण अंड्याले चिकटतच नाहीत. असं मी आजवर पाह्यलं नाही."

शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात रुतलं. मी कारखान्यात पोलादाचे नमुने तपासतो. पाळी बदलताना टॅग इकडचे तिकडे झालेले मी पाहिलेत. निकाल विचित्र आला की आम्ही आधी माणसावर संशय घेतो, पोलादावर नाही. ताईंनाही मी तेच माप लावलं. त्या थकलेल्या दिसल्या की मला पुरावा मिळायचा. मीनासाठी खिचडी घेऊन आल्या, तर वाटलं, ताईंचं मन ताईंना खातंय.

"तुमी तं भाजीवालीलेही चोर समजता," मीना म्हणाली. तरी मी तक्रार दिली. ताईंना लॅबमधून काढून काउंटरवर बसवलं.

त्या भांडल्या नाहीत. मीनाची जनुक तपासणी करा, एवढंच डॉक्टरांना सांगितलं. दोन महिन्यांनी रिपोर्ट आला. अंड्याभोवतीच्या आवरणात एक प्रथिन असतं, शुक्राणू त्याला चिकटतो. ते बनवणाऱ्या झेडपी-टू या जनुकाच्या दोन्ही प्रतींत मीनाला दोष होता. शुक्राणू सुईनं थेट अंड्यात सोडून बघू, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे ताईंनी वाट दाखवली होती, आणि मी त्यांना खुर्चीवरून उठवलं होतं.

तरी दीड महिना मी त्यांच्या दारावरून मान खाली घालून गेलो. शेवटी मीना म्हणाली, "तुमी जाता, का मी जाऊ?"

ताईंनी चहा ठेवला. मी म्हणालो, "ताई, चुकलो."

"हे घरात कावून सांगून राहिले?" त्या कपबशा मांडत म्हणाल्या. "तक्रार तं तिथं लिहून देल्ली होती."

दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन केंद्रात गेलो. लॅबमधल्या त्यांच्या टेबलावर तोवर नवीन मुलगी आली होती. डॉक्टरांसमोर, काउंटरवर बसलेल्या ताईंसमोर उभं राहून वाचलं: "नलूताईंचं काम चोख होतं. डिश बदलली हे मी मनानं रचून लिहिलं. माझ्या लिहिण्यानं त्यांचं काम गेलं. मी त्यांची माफी मागतो."