चिन्नोरचं ऑनलाइन दुकान

पुण्यातली नोकरी सुटली तेव्हा मी अर्जुनी मोरगावजवळच्या आमच्या गावी परतलो आणि ऑनलाइन दुकान बनवायला शिकू लागलो. आयतं दुकान मिळत होतं, पण मला सगळं स्वतः लिहिलेलं हवं होतं. अंगातली मस्ती, दुसरं काय. व्हिडिओतला शिकवणारा अर्ध्या तासात कार्ट जोडून मोकळा व्हायचा. माझं मोबाइलचं नेट त्याची सॉफ्टवेअर पॅकेजेस उतरवतानाच मान टाकायचं. पी हळद अन् हो गोरी, असं ते काम नव्हतंच.

विकायचा होता चिन्नोर. आमच्याकडचा हा वासाचा तांदूळ पिकतो कमी, आणि दारात येणारा व्यापारी त्याला जाड धानाचाच भाव देतो. माय कंटाळली होती. "यंदा तुह्या नेटवर खपला त बियाणं ठेवीन, नाई त पुरे झालं," तिनं सांगून टाकलं. बियाणं घरचंच होतं, एकदा पेरलं नाही की संपलं.

चार महिन्यांनी दुकान उभं राहिलं. ऑर्डर नोंदली जाते का ते पाहायला मी पुण्यातल्या एका बाईचं खोटं नाव टाकलं. मोबाइल वाजला तेव्हा माय शेजारीच होती.

"आली का गा ऑर्डर?"

मी हो म्हणालो. का म्हणालो, ते मला आजही सांगता येत नाही.

तिनं बुद्धाच्या मूर्तीसमोर मेणबत्ती लावली. बोहनीचं गिऱ्हाईक म्हणून मापावर दोन मुठी जास्त घातल्या आणि पिशवी हातानं शिवली. कुरिअरवाला आमच्या गावात येतच नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. पिशवी मी गोंदियाला नेऊन एका मित्राच्या घरी दिली.

मग रोज एकच प्रश्न, "काय म्हणते थे बाई?" शेवटी दुकानावर मीच अभिप्राय लिहिला आणि वाचून दाखवला. व्हिडिओतल्या नमुन्यावरून उचललेला: माल उत्तम, पॅकिंग छान, वेळेवर मिळाला, पाच तारे.

मायनं तो दोनदा वाचायला लावला.

"वासाचं काईच नाई बोलली."

"विसरली असेल."

"चिन्नोर शिजवला अन् वास विसरली? तिले आवडलाच नाई."

रोपांसाठी पऱ्हे टाकायची वेळ आली तेव्हा तिनं सगळीकडे जाड धान टाकला. चिन्नोरचं बियाणं मिलमधून भरडून आणलं आणि आम्ही दोघांनी ते आठवडाभर खाल्लं. ती बाई मीच होतो, हे तेव्हाही माझ्या तोंडून निघालं नाही.