पायरीला लावलेला वाघोबा

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. ती गेली, तरी नाही. आज तुम्हाला का सांगतोय — माहीत नाही. ऐका फक्त.

साठच्या दशकातली गोष्ट. बोईसर स्टेशनाजवळ माझी गवताची वखार होती. घाटावरून रिकाम्या हातांनी आलो होतो; जे उभं केलं ते घासाघीस करून. डोंगरातले वारली गवत कापून आणत, मी ते मुंबईच्या तबेल्यांना पाठवी. त्याच काळात एरिक आला. नॉर्वेचा मिशनरी, नुकतं मिसरूड फुटलेला पोरगा. सूर्या नदीपलीकडच्या एका पाड्यावर त्याला औषधांची खोली बांधायची होती. मराठी पुस्तकातून शिकलेला — बैलालाही ‘आपण’ म्हणेल असा.

त्याच्या वाशांचा भाव मी पाडून दिला. कौलं माझ्या गाड्यांतून गेली. आणि त्यानं काय केलं?

गवताचा भारा दोरानं मापतात. दोर जेवढा लांब, तेवढं गवत जास्त, भाव तोच. माझा दोर लांब होता. कुणाचा नव्हता? सगळे कापणारे वखारीत उभे असताना एरिकनं अगदी साळसूदपणे विचारलं, “आपला दोर इतरांपेक्षा मोठा का आहे?”

त्याच पाड्याचा म्हातारा भगत, काकड, तोंडावर हात ठेवून म्हणाला, “शेट, पावसात भिजून वाढला काय वो?”

अख्खी वखार हसली. बायासुद्धा. सगळ्यांसमोर मला दोर कापावा लागला. या वयातही ते आठवलं की डोकं तापतं. मला बाजूला घेऊन विचारता येत नव्हतं? — पण हे मी कशाला सांगतोय? तुम्ही माझ्या बाजूनं व्हावं म्हणून? नको.

पुढच्या पावसाळ्यानंतर खोलीची फक्त पायरी बसवायची राहिली होती. पाड्याच्या शिवेवर ऐनाच्या झाडाखाली एक चपटा दगड आडवा पडला होता. त्यावरचा वाघ आणि चंद्र-सूर्य झिजलेले, शेंदूर धुऊन गेलेला. तो वाघोबा. पाड्याचा राखणदार. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याला शेंदूर लावतात. एरवी तो असाच उन्हापावसात. परक्याला काय कळणार? तरी एरिकनं विचारलं. मलाच विचारलं — हा कुणाचा देव तर नाही ना?

मी म्हणालो — “छे! जुना हद्दीचा दगड. लावा पायरीला.”

त्यानं सपाट बाजू वर यावी म्हणून तो पालथा बसवला.

वाघबारशीला लोक कोंबडं, नारळ, शेंदूर घेऊन गेले, तर झाडाखाली दगड नाही. शोधत शोधत पायरीशी आले. ज्याच्यावर पाय देऊन सगळे औषधाला जात होते, तो त्यांचा देव होता. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. एरिकनं दगड स्वतः उकरला, छातीशी धरून नेला, जागेवर उभा केला.

“कोणी सांगला तुला?” काकडनं विचारलं.

गवताचं बोलणं करायला आलेला मी तिथंच उभा होतो. एरिकनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “कोणी नाही. चूक माझी आहे.”

त्यानं माझं नाव घेतलं असतं तर मी भांडलो असतो, खोट्या शपथा घेतल्या असत्या. त्यानं घेतलं नाही.

त्यानंतर त्याच्या दारात कुणी गेलं नाही.

थंडीच्या सुरुवातीला लहानूची बायको सोमी बाळंत झाली आणि तापानं फणफणली. लहानू माझ्याकडे गवत कापायचा. एरिकच्या दारावरून तिची डोली पालघरच्या दवाखान्याच्या वाटेला लागली. तो औषधांची पिशवी घेऊन मागून चालत होता. नदीवर मी भरलेल्या गाड्या घेऊन उताराशी थांबलो होतो. डोली तिथं टेकवली. एरिक जवळ येऊ लागला तसा लहानू हात जोडून म्हणाला, “नको येवू, बाबा. वाघोबा अजून रागात हाय. माझी बायको जगू दे.”

एरिक होता तिथं थांबला. पुन्हा माझ्याकडे पाहिलं त्यानं.

एक वाक्य पुरलं असतं. दगड मी लावायला सांगितला, त्याला येऊ दे — एवढंच. माझं तोंड उघडलं होतं, हे मला आजही जाणवतं. सगळे माझ्यावर पुन्हा हसतील, थुंकतील, गवत दुसऱ्याला घालतील — हे सगळं मनात आलं. सोमी कण्हत होती. मी वळलो आणि बैलांचं जू तपासू लागलो.

डोली पाण्यात शिरली. पलीकडच्या काठाला पोचेपर्यंत कण्हणं थांबलं होतं. लहानूनं डोली खाली ठेवली, वाकून पाहिलं, आणि वाळूत बसला.

संध्याकाळची वॅगन भरायची होती. मी नदी ओलांडून त्याच्या शेजारून गाड्या काढल्या.