खुंटा रिकामा झाला नाही

त्या पावसाळ्यात मी अंबाबाईवर रुसले होते. लग्न होऊन मंगळवार पेठेत आल्यापासून माझा शुक्रवार कधी चुकला नव्हता. पण पंचगंगेचं पाणी पुन्हा गावांत शिरलं, माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली आणि माझं मन कडू झालं. आई म्हणवतेस आणि लेकरांच्या चुली बुडू देतेस, हे कसलं आईपण? मी देवळात जाणं बंद केलं. देवीला त्याचा काही फरक पडला असेल असं वाटत नाही, मला मात्र शुक्रवार खायला उठायचा.

आमच्या भजनी मंडळातल्या बायकांनी पेठेतल्या एका मंगल कार्यालयात पूरग्रस्तांसाठी स्वयंपाक सुरू केला होता. भजनाला नाही, पण कांदे चिरायला मी जात होते. मदतीला तोटा नव्हता. बिस्किटं, मेणबत्त्या आणि साड्या, साड्या, साड्या! लोकांनी कपाटं आवरून पुण्य पदरात पाडून घेतलं होतं, आणि त्या साड्या वाटताना आम्हीही मोठ्या थाटात वावरत होतो.

तिथं हौसाबाई भेटल्या. नदीकाठच्या गावातल्या, साठीच्या आसपासच्या, आवाज खणखणीत. घरात पाणी, नवरा पाय मोडून कार्यालयाच्या कोपऱ्यात पडलेला. जगण्याचा आधार म्हणजे एकच म्हैस, गाभण, दिवस भरत आलेली. तिला त्यांनी पाण्यातून ओढत आणून कार्यालयामागच्या मोकळ्या जागेत खुंट्याला बांधलं होतं. मी त्यांच्यापुढे साडी धरली.

"वैनी, खिचडी पोटभर मिळतीया, खोटं कशाला बोलू? पण म्हशीला काय घालू? साड्या?"

मला रागच आला, खरं सांगते. पण त्यांचं ऐकल्यावर तो राहिला नाही. वैरण सगळी बुडाली होती. जनावरांचा दलाल सकाळी येऊन मातीमोल भाव सांगून गेला होता आणि संध्याकाळी म्हैस न्यायला येणार होता. "उपाशी मारण्यापरीस दिल्याली बरी. पण म्हस गेली की आमी दुसऱ्याच्या दारात. पानी उतारलं तरी गावात जायाचं कशाच्या जिवावर?"

मी पार शिरोलीपर्यंत ओळखीच्यांना फोन लावले. कुणाची वैरण पाण्याखाली, कुणाचा रस्ता बंद. मग मागच्या बाजूला जाऊन उभी राहिले. म्हैस मान खाली घालून उभी होती, पुढ्यात काडी नव्हती. बोलायचं नाही असं ठरवलं होतं, तरी तोंडून निघालंच: "आई, माझे हात टेकले. आता तूच बघ." नवस नाही, काही नाही. तेवढं बोलून परत कांदे चिरायला बसले.

दुपार कलताना दारात एक ट्रॅक्टर थांबला. मागं ट्रॉलीभर हिरवा मका. कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेला, कानडी हेल असलेला एक माणूस खाली उतरला. हातकणंगल्याकडून सासुरवाडीच्या जनावरांसाठी वैरण घेऊन निघाला होता.

"अक्का, पुढं रस्ताच न्हाई. सासुरवाडीची जनावरं पल्याडच्या अंगाला नेली म्हणं. हे माघारी नेऊन कुजवू कशाला? हितं कुणाची जनावरं हाईत का?"

मी मागच्या बाजूला हात दाखवला. तो ट्रॉली मागं घेतो न घेतो तोच हौसाबाईंच्या कवेत मक्याची पेंढी होती. ट्रॉली रिकामी करून, चहाही न घेता तो निघून गेला. नाव विचारायचं राहूनच गेलं. संध्याकाळी दलाल आला तेव्हा हौसाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पावणं, च्या घ्या आन् जावा. म्हस इकायची न्हाय."

कुणी याला योगायोग म्हणेल. म्हणू दे, मी वाद घालणार नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही साड्या घेणं थांबवलं आणि ज्याला त्याला विचारू लागलो, तुम्हाला पुन्हा उभं राहायला काय लागेल? वैरणीची सोय लागली. म्हैस व्याली, रेडी झाली. पहिल्या चिकाचा खरवस हौसाबाईंनी आमच्याच शेगडीवर केला आणि वाटी माझ्या हातात दिली. "देवीला तुमी दावा. मला ह्यास्नी सोडून जाता येत न्हाय." माझा रुसवा त्यांना कुठं ठाऊक? मी गेले. अंगणातूनच कळसाला नैवेद्य दाखवला आणि पोटभर रडले. पुढं म्हैस तिथंच दूध देऊ लागली, तेव्हा पेठेतली माणसं डोळ्यांदेखत काढलेलं दूध विकत न्यायला कार्यालयामागं रांग लावू लागली.

पाणी उतरल्यावर हौसाबाईंनी गावाच्या वरच्या माळावर जागा निवडली. पत्रे आमच्या मंडळानं दिले, खांब गावानं रोवले. गोठा झाला, त्याला लागून दोन खोल्याही झाल्या.

गेल्या पावसाळ्यात पाणी पुन्हा आलं. कार्यालयात पुन्हा सतरंज्या पडल्या. दारात हौसाबाई दिसल्या, मला वाटलं पुन्हा घर बुडालं. मी त्यांच्यासाठी कोपऱ्यातली जागा झाडायला घेतली.

"जागा नगं, वैनी. आमी माळावर हाय, म्हस बी. दूध आणलंय. बारक्या पोरांस्नी द्या."

देवीनं पूर का येऊ दिला ते मला अजून कळलेलं नाही, आणि आता शुक्रवारी मी तिला विचारतही नाही. माझे हात टेकले की तिचे सुरू होतात, एवढं पाहिलंय. त्या दिवशी मी झाडू ठेवला, हौसाबाईंच्या हातातला कॅन घेतला आणि दोघी मिळून दूध वाढायला लागलो.