रबराची होडी आणि माझी मान

गेल्या शुक्रवारपासून माझी मान उजवीकडे वळत नाही आणि शर्टाचा रबराचा वास जात नाही. या गंभीर प्रश्नाची यवतमाळात अजून कुणीही दखल घेतलेली नाही. ऑफिसात डावीकडून हाक आली तर मी ओ देतो... उजवीकडच्यांनी रीतसर अर्ज करावा.

झालं असं. नवं राज्य होऊन दोन वर्षं झाली आणि वरच्या साहेबांना अचानक आठवलं, की नेरकडच्या जंगलात एक जुनं तळं आहे आणि त्याची खोली कुणालाच ठाऊक नाही. मी ओव्हरसिअर, म्हणून ती मी मोजायची. जीप तळ्याअलीकडच्या बंजारा तांड्यापर्यंत जाते, पुढचे दोन कोस पायवाट... म्हणजे डोक्यावरून नेता येईल अशी, हवा भरायची होडी हवी.

इथं एक कबुली देतो. नोकरीच्या अर्जात ‘पोहता येते काय?’ असा एक रकाना होता आणि मी तिथं ‘होय’ लिहिलं होतं. पंधरा वर्षं त्या ‘होय’नं माझं काही बिघडवलं नाही. मी विहिरीच्या काठापासूनसुद्धा लांबून चालतो, हे सरकारला कोण सांगणार?

होडी घ्यायला लष्कराचा मोडीत निघालेला माल विकणाऱ्या एका दुकानात गेलो. सोबत देवला नाईक, त्याच तांड्याचे प्रमुख, साठीला टेकलेले. त्यांच्या आजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातलेला. नाईकांची आता कपाशी आहे, पण ओझ्याकडे बघायची नजर तीच.

दुकानात तीन होड्या. एक जाड कॅनव्हासची, बुडाला फळ्या असलेली. एक मधली. आणि एक पिवळी, एका माणसापुरती, घडी केली तर उशीएवढी...

मी अर्थातच जाडीला हात घातला. दाबली, पुन्हा दाबली. काटा टोचला तर काट्यालाच लागेल अशी होती.

"थांबा साहेब," नाईक म्हणाले. "ओझं उचलून समजत नाही, चालून समजते. घ्या डोक्यावर अन् त्या चौकातून जाऊन या."

चौकापर्यंत मी पोचलो नाही. पानठेल्यापाशी पानवाल्यानंच दया येऊन मला उतरवून घेतलं. मधली घेऊन कसाबसा चौक गाठला. पिवळी घेऊन नाईक स्वतः गेले आणि येताना पान चघळत आले.

"हेच घ्या."

"नाईक, हा फुगा आहे! बुडाला तर?"

"बुडाला तर मी आहो ना. अन् नाही बुडाला तर?"

"नाही बुडाला तर येताना मी डोक्यावर आणतो, तळ्यापासून तांड्यापर्यंत!" भीतीनं माणूस किती उदार होतो, पाहा...

शुक्रवारी भर दुपारी तळ्यावर पोचलो. एप्रिलचं ऊन, सागाला एक पान नाही आणि पाणी काळं... अगदी काळं. मी पंप मारत सुटलो. नाईक ‘बस झालं’ म्हणाले, तरी आणखी मारला. होडी ढोलकीसारखी वाजायला लागली तेव्हाच थांबलो.

होडीला दोर बांधला, दुसरं टोक काठावर नाईकांच्या हातात. त्यांनी कमरेला दोन वाळके भोपळे बांधले होते. "भाजी करता का?" मी विचारलं. ते हसून गाठ आवळायला लागले.

मधोमध गेलो. गाठी मारलेली दोरी शिसं लावून सोडली. दहा हात... पंधरा... वीस... तळ लागेना. आणि तेवढ्यात माझ्या कोपराखालची होडी मऊ पडली.

आधी वाटलं भास. मग दुसरी बाजूही वांग्याच्या भरतासारखी झाली. बूड माझ्या वजनानं खाली गेलं आणि गुडघ्यांना त्या काळ्या पाण्याचा गारवा लागला... "पंक्चर!" मी ओरडलो. "ओढा, नाईक, ओढा!"

त्यांनी ओढलं. दोर पाण्याखालच्या कुठल्याशा खोडात अडकला आणि होडी एका अंगाला कलली. मी किंचाळलो. घरचे दोन चेहरे आठवले आणि मग, का कोण जाणे, तो अर्जातला रकाना...

"हालू नका साहेब! काहून नाचून राह्यले?" नाईक पाण्यात उतरले होते. भोपळे पुढं ढकलत आले, ते माझ्या छातीला बांधले, मग होडीला कान लावून सगळीकडून फिरले.

"हवा कुठूनच जाऊन नाही राह्यली. उन्हात फुगवली, पाण्यात थंडावली, म्हणून ढिली पडली. सायकलचं चाक नाही का, दुपारी टणक अन् सकाळी मऊ?" असं म्हणून त्यांनी पाण्यात तरंगतच नळी तोंडात धरली आणि फुंकायला लागले. होडी हळूहळू पुन्हा ताठ झाली. मी नाही झालो.

दोर सोडवून ते मला काठाकडं नेत होते. मी भोपळे घट्ट धरले होते. म्हणालो, "नाईक, मला पोहता येत नाही."

"ते तर मले दुकानातच समजलं. पोहणारा माणूस पहिले वजन पाहते. तुम्ही जाडीच दाबून राह्यले होते."

"मग बोलला काहून नाहीत?"

"साहेब माणसाले कसं म्हणाव? भोपळे आणले ना दोन."

काठावर आलो. हवा सोडून होडीची घडी घातली. सवयीनं नाईक ओझ्यासाठी वाकले...

त्यांच्या आधी मीच ते उचललं आणि डोक्यावर घेतलं. त्यांनी आपल्या पागोट्याची चुंबळ करून त्याखाली सरकवली. ओलं रबर दोन कोसांत किती जड होतं, ते चालूनच समजलं... तांड्याच्या लिंबाखाली उतरवेपर्यंत मी मान वळवली नाही.