दोन डब्या, एक पोट

धाकट्या सुनेचं डावं मनगट मोडलं ते नवऱ्याच्या मोबाइलवर एक निरोप आल्यानंतर. त्यानं तो दोनदा वाचला, मोबाइल खिशात ठेवला, वखारीच्या दाराचा लाकडी अडसर काढला आणि बायकोला हाक मारली. पहिला फटका पाठीत बसला. दुसरा अडवायला तिनं हात वर केला, तेव्हा हाड मोडल्याचा आवाज तंबाखूची पोती शिवणाऱ्या बायकांनीही ऐकला. त्या सुया तशाच पोत्यांत खुपसून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. मालकाच्या घरचं भांडण बघायचं नाही, असा वखारीचा रिवाज आहे. त्यामुळे पुढचं कुणी पाहिलं नाही, फक्त ऐकलं.

हे घर माझ्या मावशीचं. निपाणीच्या बाहेर, हायवेपासून थोडं आत. पुढे वखार, मागे राहतं घर, दोन मुलगे, दोन सुना. या घरात पाणी गाळून पितात आणि सूर्य बुडाल्यावर जेवत नाहीत. माझ्या घरातही तसंच आहे.

निरोपातली वाक्यं माझ्या ओळखीची होती. बेळगावात कॅम्पमधल्या एका दैनिकाच्या संपादकीय विभागात मी बरीच वर्षं काम केलं. नंतर एका संशोधन प्रकल्पाला गावातल्या बायकांना समजेल अशा मराठीत माहिती लिहून देणारं माणूस हवं होतं, तिथे गेले. काम असं होतं. बायकांनी घरी शौचाचा थोडासा नमुना डबीत भरायचा. प्रयोगशाळा त्यातले जंतू कोणते आणि किती, ते ओळखणार. पाळी चुकणं, तोंडावर केस येणं, वजन वाढणं अशा संप्रेरकांच्या विकारांचं निदान झालेल्या बायकांच्या पोटातले जंतू आणि निरोगी बायकांच्या पोटातले जंतू संगणकाला आधी शिकवलेले होते. नवा नमुना कुणासारखा दिसतो, ते तो सांगणार. ज्यांचा नमुना आजारी बायकांसारखा दिसेल, त्यांना रक्ततपासणी आणि सोनोग्राफीला बोलवायचं. ही चाळण आहे, निदान नव्हे, हे वाक्य मी माहितीपत्रकात तीन ठिकाणी घातलं होतं.

निरोप असा होता: ‘तुमच्या नमुन्यावरून संप्रेरकांच्या विकाराची शक्यता दिसते. कृपया पुढील तपासणीसाठी या.’ तो बाईच्या स्वतःच्या मोबाइलवर जायला हवा होता. पण धाकटीचा मोबाइल नवऱ्यानं पावसाळ्यात विहिरीत फेकला होता, आणि नोंदणीच्या वेळी मावशीनं मुलाचा नंबर सांगितला होता.

लग्नाला चार वर्षं झाली होती. मूल नव्हतं. मारणं पहिल्या वर्षापासून होतं. आधी थपडा, मग पट्टा, एकदा गरम उलथनं. त्याचा डाग कोपराच्या वर आहे. घरात हे कुणी लपवत नव्हतं, त्यावर बोलतही नव्हतं. मावशी फार तर म्हणायची, “तोंडावर मारू नगं रं, देवळात जायाचं असतंय.”

निपाणीतल्या दवाखान्यात मी पोचले तेव्हा प्लास्टर घालून झालं होतं. मावशी डॉक्टरांना सांगत होती, न्हाणीत पाय घसरला. डॉक्टरांनी पाठ बघितली, मावशीकडे बघितलं आणि गोळ्या लिहून दिल्या. थोरली सून एक्स-रेचं पाकीट छातीशी धरून भिंतीला टेकून उभी होती. तिला मी कसं झालं विचारलं. ती म्हणाली, “रविवारी हिंडलग्याची माणसं येणार हायत. न्यायला.”

धाकटीचं माहेर हिंडलग्याचं, बेळगावचा मोठा तुरुंग आहे ते गाव. रविवारी बैठक ठरली होती. पोरीत दोष आहे, मशीननं सांगितलंय, तुमची पोरगी तुम्ही घेऊन जा, असं सांगून तिला परत पाठवायचं होतं. आतापर्यंत नवऱ्याकडे नुसता संशय होता, आता पुरावा होता. एकदा वांझ म्हणून माहेरी गेलेली बाई आमच्या भागात पुढे कशी जगते, ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

शुक्रवारी बेळगावहून फोन आला. नमुन्यांची आकडेमोड बघणारी मुलगी होती. तिला नावं दिसत नसत, फक्त क्रमांक दिसत. तिनं विचारलं, तुमच्या त्या गावात डब्यांवरच्या चिठ्ठ्या चुकल्या असतील का? एकाच दिवशी घेतलेले दोन नमुने एकाच माणसाचे वाटताहेत. मी म्हटलं, एका घरातल्या, एका चुलीवर जेवणाऱ्या दोन बायका असतील. ती म्हणाली, “जेवण एक असलं की थोडं जुळतं. सख्ख्या बहिणींचं आणखी थोडं. इतकं जुळत नाही. मी तीन वेळा बघितलं. हे एकच पोट आहे.” दोन्ही नमुन्यांवर शक्यतेची खूण आली होती.

नमुने नेले तो दिवस भाद्रपदातला होता, आम्हा जैनांच्या दशलक्षण पर्वातला. मी त्या दिवशी गाडीबरोबर गेले होते. धाकटी सोप्यात भिंतीला पाठ लावून बसली होती. ओठ सुकलेले. तिनं दहा दिवसांचा उपवास धरला होता. दिवसातून एकदा तापवून गार केलेलं पाणी, बाकी काही नाही. मावशीनं पाहुण्यांना कौतुकानं सांगितलं होतं, माझी सून बघा.

शनिवारी दुपारी मी मावशीकडे गेले. पुरुष बाजारात गेले होते. थोरली मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर बसून आरशात बघत दोऱ्यानं हनुवटीवरचे केस काढत होती. मला बघून तिनं दोरा मुठीत घेतला.

मी सांगितलं, “दोन डब्यांत एकाच बाईचं निघालंय.”

“मशीनला त्ये बी कळतंय व्हय?”

“कळतंय.”

“मग हात कुणी मोडला त्ये बी इचारा की त्याला. डाक्टरला तर कळलं न्हाई.” ती हसली नाही. आरसा पालथा ठेवला. “तिचा सातवा उपास हुता. पोटात पाण्याबिगर काय न्हाई, ती देणार कुठनं? तीन दिस झालं तिला काय झालंच नव्हतं. आत्याबाई न्हाणीच्या दाराशी उभ्या. म्हणाल्या, डबी भरल्याबिगर भाईर यायचं न्हाई, मशीनला तुझं पोट बघू दे. ती आत रडाय लागली. मी म्हटलं, आण इकडं. एकाच चुलीवरचं खातोय, पोटात दुसरं काय असणार? दोन्ही डब्या मीच भरलत्या.”

“तुला निरोप आला?”

“आलता. पुसला.”

“का?”

“दोन पोरं झाल्याव माझं कोण बघतंय आक्का? पाळी चार-चार म्हैनं येत न्हाई. म्हटलं, बरं झालं, तेवढाच तरास कमी.” मग ती आवाज खाली आणून म्हणाली, “मी बोलले तर अडसर माझ्या पाठीत बसंल.”

तिच्या नवऱ्यानं तिला कधी मारलं नव्हतं. भीती दिराची होती. मी तिला सांगितलं की बेळगावच्या लोकांना मी दोन्ही नमुने रद्द करायला सांगू शकते, आणि तसं सांगितलंही. पण तो निरोप मोबाइलवर होता, आणि रविवारच्या बैठकीत वाचला जाणार तो तोच. रद्द केल्याचं पत्र नवरा मानणार नव्हता. पत्र त्याच्या आईची भाची आणते म्हटल्यावर तर नाहीच. डबी कुणी भरली, हे भरणारीच सांगू शकत होती.

ती म्हणाली, “बघते.” आणि आरसा सुलटा केला.

रविवारी सकाळी मी गाडी घेऊन पोचले, मागोमाग हिंडलग्याचे तिघे आले. वडील, भाऊ, चुलता. सोप्यात जाजम अंथरलं होतं, पितळी तांब्यांतून पाणी ठेवलं होतं. धाकटी आतल्या दाराला, हात गळ्यातल्या पट्टीत. नवऱ्यानं मोबाइल काढून निरोप मोठ्यानं वाचला. ‘शक्यता’ हा शब्द त्यानं गिळला.

“हे आम्ही म्हणत न्हाई, मशीन म्हणतंय. आजारी पोरगी आमच्या गळ्यात बांधलासा.”

भाऊ म्हणाला, “आजारी हाय म्हणून हात मोडलासा व्हय दाजी? त्ये औषध हाय काय?”

“घरातलं काय त्ये आम्ही बघू.”

“बघा की. आमच्या दारावरनंच जेलची गाडी जाती. तुम्ही आत बसलासा तर रोज हात दाखवायला यीन मी.”

मावशी म्हणाली, “पाव्हणं, पाणी घ्या.” कुणी घेतलं नाही.

थोरली आतून आली. पदर खांद्यावरून ओढून घेतलेला, हात ओले. सासऱ्यांच्या फोटोखाली उभी राहिली आणि जाजमाकडे बघत बोलली, “त्या डबीतलं तिचं नव्हतं. माझं हुतं. तिचा उपास हुता. दोन्ही डब्या माझ्या. मशीन म्हणतंय तो आजार मला हाय. दोन पोरं हायत मला, आन् आजार बी मलाच हाय. तिचं अजून कुणी बघितल्यालंच न्हाई.”

दिरानं तांब्या उचलून फेकला. काठ तिच्या भुवईवर लागला. कातडी फाटली आणि रक्त डोळ्यात, मग गालावर, मग पोलक्यावर आलं. ती खाली बसली, पडली नाही. वहिनीवर हात टाकलेला आमच्याकडे चालत नाही; तिनं लग्नात दिराला हळद लावलेली असते, ती आईच्या जागी असते. ज्या घरात बायकोचं हाड मोडल्यावर कुणी उठलं नव्हतं, त्या घरात आता थोरला भाऊ उठला. वखारीचा हिशेब बघणारा, कधी आवाज न चढवणारा माणूस. त्यानं धाकट्याला मानेला धरून उंबऱ्यावर आपटलं. पुढचे दात उंबऱ्याच्या लाकडावर बसले. परत उचलून परत आपटलं. हिंडलग्याचा भाऊ पुढे झाला आणि त्यानं पडलेल्या माणसाच्या बरगड्यांत लाथा घातल्या. वडील त्याला मागे ओढत होते आणि स्वतःही एक लाथ घालून गेले. चुलता “बास, बास” म्हणत चपला शोधत होता. मावशी एवढंच म्हणत होती, “दार लावा, दार लावा.” बाहेर पोती शिवणाऱ्या बायका उभ्या होत्या. त्या दिवशी त्या हलल्या नाहीत. बघत राहिल्या.

धाकटी या सगळ्यातून वाट काढत थोरलीपाशी गेली. उजव्या हातानं तिनं पदराचा बोळा करून भुवईवर दाबला आणि मला म्हणाली, “ताई, गाडी कुठाय?”

दवाखान्यात तेच डॉक्टर होते. थोरलीला टाके पडले. कसं लागलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मावशी तिथे नव्हती. थोरलीनं दिराचं नाव सांगितलं. धाकटीनं तिच्या मनगटाचं सांगितलं. डॉक्टरांनी या वेळी दोन्ही लिहून घेतलं. पोलीस ठाण्यात तक्रार कन्नडमध्ये उतरवली गेली. धाकटीला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. मी वाचून दाखवली, तेव्हा ती एका ठिकाणी म्हणाली, “लाकूड न्हवे, अडसर म्हणा.” हवालदारानं खोडून अडसर केलं. खटला चालू आहे.

ती हिंडलग्याला गेली, पण पाठवली म्हणून नव्हे. कपड्यांची पिशवी तिनं स्वतः भरली. मावशी दारात म्हणाली, “पोरी, थांब की, सांगते मी त्याला.” तिनं वळून विचारलं, “काय सांगणार आत्याबाई?”

प्रकल्पानं दोघींचे नमुने नव्यानं मागितले. डबी देताना आता आमची कार्यकर्ती आधी उपवासाचं विचारते. थोरलीच्या नमुन्यावर पुन्हा तीच खूण आली. रक्तात आणि सोनोग्राफीत ती खरी ठरली, साखरही वाढलेली निघाली. तिला औषधं चालू झाली. तिचा नवरा ती आणून देतो. भावाशी बोलत नाही. वखारीत दोघांच्या मध्ये आता पत्र्याची भिंत आहे.

धाकटीला मी आधी महिनाभर नीट जेवायला सांगितलं. मग तिनं डबी स्वतः भरली. निरोप आला तेव्हा मी हिंडलग्याला त्यांच्या अंगणात होते. प्लास्टर निघालं होतं, मनगट बारीक आणि पांढुरकं दिसत होतं. मोबाइल नवा होता, भावानं घेतलेला. तिनं निरोप मला न दाखवता आधी स्वतः वाचला. शक्यता दिसत नाही, असं त्यात होतं. नंतरची रक्ततपासणीही बरी आली. मूल का झालं नाही, हे यातल्या कशातही नव्हतं. त्यासाठी आणखी एका माणसाची तपासणी लागते. त्या माणसानं ती आजपर्यंत केलेली नाही.

तिनं विचारलं, “ह्यो त्यास्नी पाठवू?”

मी म्हटलं, तुझा मोबाइल आहे.

तिनं यादीत नवऱ्याच्या नावापर्यंत अंगठा नेला, थोडा वेळ तिथेच ठेवला आणि पुढे सरकवला. निरोप थोरलीला गेला. उत्तर यायला वेळ लागला, तोवर आम्ही चहा प्यालो. मग मोबाइल वाजला. थोरलीचा आवाज होता, मागून गिरणी ऐकू येत होती.

“दळपाला आलते गं. आत्ता बघितलं. जेवलीस?”