जुन्या गाडीत नवं टर्बो: चेन्नई ते येलगिरी

आमच्या मैलापूरच्या घरातली छोटी गाडी अप्पांनी भंगारात द्यायचं ठरवलं आणि मी जेवता जेवता बोलून गेले की ती मला द्या.

अप्पा म्हणजे माझे सासरे. मी मूळची सांगलीची. ओरगडमच्या एका कारखान्यात इंजिनांच्या चाचण्या घेते. सासर तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातलं. इथं ‘आहे’चं ‘अहे’ होतं आणि मराठीत सुरू झालेलं वाक्य बऱ्याचदा तमिळमध्ये संपतं.

“इंजिन गेलं अहे,” अप्पा म्हणाले. “गाडी घेऊन काय करणार?”

“दुसरं बसवीन.”

सासूबाईंनी, म्हणजे अम्मांनी, माझ्या पानात आणखी रसम वाढलं. “बसवूं दे की,” त्या म्हणाल्या. “सरि?”

अप्पांनी ‘सरि’, म्हणजे ‘बरं’, म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

त्याच कंपनीची एक नवी गाडी मागून ठोकली गेल्यामुळे मोडीत निघाली होती. तिचं तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन धडधाकट होतं. अंबत्तूरच्या एका गॅरेजात मी ते गिअरबॉक्स आणि इंजिन चालवणाऱ्या संगणकासकट उचलून आणलं. वाचणाऱ्यांपैकी कुणाला हुरूप आला असेल तर आधीच सांगते, इंजिन आत बसवणं हा सोपा भाग. खरा जीव वायरिंग खातं. शिवाय रेडिएटर मोठा हवा, ब्रेक नव्या ताकदीचे हवेत आणि आरटीओची परवानगी काम सुरू करण्याआधी हवी, नंतर नाही. नवा इंजिन नंबर आरसीवर चढेपर्यंत गाडी गॅरेजबाहेर काढायची नाही. माझे कितीतरी रविवार त्यात गेले. पहिल्यांदा किल्ली फिरवली आणि इंजिन गुरगुरलं, तेव्हा मी बोनेटला मिठी मारली. फोटो आहे, पण तो इथं टाकत नाही.

अप्पांची अट निघाली ती त्यानंतर. “येलगिरी चढून दाखव.”

येलगिरीचं कारण जुनं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी याच गाडीनं त्या घाटात मान टाकली होती. माझा नवरा श्रीधर चालवत होता. गाडी हलकी व्हावी म्हणून अप्पा-अम्मांना उतरून वळणावळणानं चालत जावं लागलं, आणि शेजारून जाणाऱ्या बसमधली माणसं खिडकीतून बघत होती. अप्पा ते विसरले नव्हते. गाडी चढली तर घरात राहणार, नाहीतर सोमवारी भंगारवाला येणार होता. श्रीधर कामासाठी परगावी होता, म्हणून शनिवारी उजाडताच आम्ही तिघंच निघालो.

चेन्नईतून येलगिरीला जायला सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर पडतात, बंगळूरच्या हायवेनं. श्रीपेरुंबुदूरपर्यंत ट्रकांची गर्दी असते, म्हणून जितक्या लवकर निघाल तितकं बरं. कांचीपुरमच्या फाट्याजवळ पोंगल, वडा आणि कॉफी झाली. तिथून रस्ता मोकळा मिळाला आणि मी पहिल्यांदा पाय जरा दाबला.

टर्बोची गंमत अशी की क्षणभर काहीच होत नाही आणि मग पाठ सीटला चिकटते. बारीक शीळ वाजली आणि पुढचा टँकर एकदम मागे गेला. मला हसू आवरेना. मागच्या सीटवर अम्माही हसत होत्या. पुढे बसलेल्या अप्पांनी दाराची मूठ घट्ट धरली होती.

“काय झालं हें?” त्यांनी विचारलं.

“ओव्हरटेक.”

“अमच्या गाडीनं?”

वेल्लोर मागे टाकून आंबूरला पोचलो. तिथं बिर्याणी न खाता पुढं जाणं माझ्याच्यानं होणार नव्हतं. ती तिथं आंबटसर वांग्याच्या कालवणाबरोबर देतात. न्याहारी हलकी ठेवा आणि दुपारच्या गर्दीआधी पोचा. अप्पा-अम्मा शाकाहारी. झाडाखाली लावलेल्या गाडीत बसून त्यांनी घरून आणलेला चिंचेचा भात खाल्ला आणि मी पार्सल घेऊन गाडीच्या पलीकडं उभी राहिले. “तूं खा सावकाश,” अम्मा म्हणाल्या, “अम्ही इकडं पाहतों.”

वाणियंबाडीच्या पुढे हायवे सोडला की डोंगर समोर येतो. घाटात चौदा हेअरपिन वळणं आहेत. रस्ता चांगला पण अरुंद, प्रत्येक वळणावर हॉर्न द्यायचा आणि वरून येणाऱ्या बसला जागा सोडायची. पहिली काही वळणं गाडीनं अशी घेतली की मी गाणंच म्हणायला लागले. अम्मांनी सूर धरला. अप्पांनी दाराची मूठ सोडली.

आणि मग ‘फस्स’ असा मोठा आवाज झाला.

गाडीतलं अवसान गेलं. इंजिन चालू, पण ओढ नाही. दुसऱ्या गिअरवर रडत रडत पुढच्या रुंद जागेपर्यंत नेली आणि बाजूला घेतली. कारखान्यात इंजिन बिघडलं तर आम्ही अहवाल लिहितो. इथं गाडीत दोन माणसं होती, जी याआधी याच घाटात पायी चालली होती.

“उतरूं का?” अप्पांनी हळूच विचारलं. त्यात टोमणा नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

बोनेट उघडलं. टर्बोतून येणारी हवा नेणारा जाड रबरी पाइप तोंडापासून निसटून लोंबत होता. त्याची पट्टी मीच आवळली होती, कमी आवळली होती. मोडलं काहीच नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथंच रस्त्याच्या कठड्यावर बसले.

“काय, संपलं?” अप्पा.

“नाही अप्पा, पाइप निसटलाय. पण एका हातानं बसणार नाही.”

इंजिन निवेपर्यंत थांबलो. मग अप्पांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या सरसावल्या, खांद्यावरचं उपरणं हाताला गुंडाळलं आणि पाइप जागेवर दाबून धरला. मी पट्टी आवळली.

“अजून आवळ,” ते म्हणाले. “अजून. हां. आतां ही हवा कोठे जाते, तें सांग.”

मी सांगितलं. धुरानं फिरणारं चाक, दाबून भरलेली हवा, ती थंड करणारी जाळी, सगळं. त्यांनी तीन-चारदा मधेच थांबवून विचारलं. त्यांच्या गालावर काळा ओरखडा उमटला होता आणि अम्मा तो मुद्दाम पुसत नव्हत्या.

पुन्हा निघालो. पहिल्या वळणावर मी जपून पाय ठेवला. शीळ आली. दुसऱ्या वळणावर अप्पा पुढे झुकले.

“जरा अजून दे,” ते म्हणाले.

मी पाय आणखी दाबला. मग वर पोचेपर्यंत ते प्रत्येक वळणाला तेच म्हणत राहिले.

वर तळ्यात बोटी आहेत, रस्त्याकडेला मध आणि फणस विकतात, हवा चेन्नईपेक्षा बरीच गार. शनिवार-रविवारी खोल्या मिळत नाहीत, आधी ठरवून जा. आम्ही फार काही पाहिलं नाही. अप्पांनी बोनेट उघडून गाडीपाशी दोन अनोळखी पर्यटकांना टर्बो समजावला, तोही माझ्यापेक्षा चांगला. मग बाजूला जाऊन भंगारवाल्याला फोन केला आणि तमिळमध्ये सांगितलं की येऊ नका, गाडीला काही झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी घाट उतरून हायवेला लागलो तर अम्मा म्हणाल्या, “केतकी, बाजूला घे. मी चालवतें.”

त्यांचं लायसन्स होतं. श्रीधर लहान असताना त्या शाळेत शिकवायला गाडीनं जायच्या. पुढं अप्पांनी चालवायला घेतली आणि त्यांचं चालवणं राहून गेलं, एवढंच. पहिले काही किलोमीटर त्या अगदी डावीकडून चालल्या. मग समोर एक हळू बस आली. अम्मांनी आरसा पाहिला, इंडिकेटर दिला आणि पाय दाबला. बस मागे पडल्यावर त्या जे हसल्या, तसं मी त्यांना कधी हसताना ऐकलं नव्हतं.

“वेग पाहा,” अप्पा म्हणाले.

“पाहतें अहें. बरा अहे.”

घरी येऊन आता आठवडा झाला. घाटाची वळणं एकमेकांत मिसळून गेली आहेत, मध अर्धा संपला. माझ्यापाशी राहिलं ते ‘उतरूं का’ म्हणणारा आवाज आणि त्यानंतर काही वेळातच ‘जरा अजून दे’ म्हणणारा. कारखान्यात कुठलाही आलेख मला हे दाखवत नाही.

आज रविवार. सकाळी खाली उतरले तर गाडी जागेवर नाही. अप्पा पायरीवर पेपर घेऊन बसलेले.

“अम्मा टी. नगरला गेली,” ते म्हणाले. “ब्लाउजपीस आणायला. मी येतों म्हटलं. म्हणाली, तुम्ही शेजारी असला की हात बिचकतो.”

जेवायच्या वेळेला अम्मा आल्या. केस विस्कटलेले, हातात पिशवी नाही.

“ब्लाउजपीस?” अप्पांनी विचारलं.

“तिकडं गेलेंच नाही. समुद्राच्या रस्त्यानं गेलें.”

“कोठपर्यंत?”

अम्मांनी किल्ली खुंटीला अडकवली आणि स्वयंपाकघरात जाता जाता म्हणाल्या, “महाबलीपुरमपर्यंत रस्ता फार बरा अहे.”