कागदात नसलेलं वाक्य

मी आयुष्यात एकाच माणसाला धर्म शिकवला, आणि तो धर्म माझा नव्हता. विद्यार्थिनी पन्नाशी ओलांडलेली होती, आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवायची, आणि अभ्यासक्रम एका पानाचा होता.

नरसीच्या पुढे डांबरी रस्ता संपतो तिथून आमची शाळा दिसते. शाळेच्या कुंपणाला लागूनच तांडा. तांड्यात आईला याडी म्हणतात, म्हणून सगळी पोरं तिला याडी म्हणत. शिक्षकांची ती मावशी. दिवाळीनंतरच्या एका सोमवारी पोरं मैदानात असताना ती माझ्याकडे आली आणि ओच्यातून चार घड्या घातलेला एक कागद काढून माझ्यापुढे धरला.

"सर, एवढं वाचून दावता का? मला बुडी घ्यायची हाय."

बुडी म्हणजे बाप्तिस्मा. तांड्याच्या टोकाला एक पत्र्याची शेड आहे, तिथं दर रविवारी प्रार्थना होते. प्रार्थना चालवणारे पाळक आठवड्याचे बाकीचे दिवस शिंपीकाम करतात. माणसं अकरा आणि भोंगा मात्र यात्रेचा, असं मी स्टाफरूममध्ये त्याचं वर्णन केलेलं होतं. शाल, श्रीफळ, भोंगा, फ्लेक्स या गोष्टी दिसल्या की माझ्या जिभेला खाज सुटते. माझं वाचन बऱ्यापैकी आहे, आणि वाचणाऱ्या माणसाला कशावरच विश्वास न ठेवणं ही एक पदवी वाटते. मलाही वाटायची.

"एवढ्या थंडीत बुडी काहून घेता?" मी विचारलं.

तिनं सांगितलं, ते असं. तिची एकच लेक होती. नऊ वर्षांची असताना उसाच्या फडावर तापानं गेली. फडाच्या बांधालाच पुरली, कारण गाडी लगेच पुढच्या फडावर निघणार होती. तेव्हापासून ती दर दिवाळीला निखाऱ्यावर तूप-भाताचा घास सोडून तिचं नाव घ्यायची. तांड्यात मेलेल्यांना असं जेवायला घालतात. यंदा तिनं तो घास टाकला नव्हता. पाळकांच्या घरच्यांनी समजावलं होतं, की आता ते करायचं नाही, विश्वास ठेवणाऱ्यांना आपली माणसं वर भेटतात.

"घास टाकला की ती जेवली का न्हाई, ते काय दिसतं का? धूर होतो नुसता. तिकडं म्हणं भेटच होती," ती म्हणाली. "पण पाण्यात उतरायच्या आधी पाळक सवाल पुसतात. मला येत न्हाईत. वाचता न्हाई येत, त्याच्यानं ध्यानात न्हाई राहात."

मग रोज खिचडीला वाफ येईस्तोवर आमचा वर्ग भरायचा. ती चुलीपुढे, मी उलट्या ठेवलेल्या बादलीवर. कागदावर सात प्रश्न होते. देव एकच आहे, यावर तिचं काही म्हणणं नव्हतं. येशू देवाचा पुत्र, तो माणसांच्या पापांसाठी मेला, हेही तिनं घेतलं. तिसऱ्या दिवशी तो मेलेल्यांतून उठला, इथं मी जरा थांबलो. मला वाटलं, आता अडेल.

"उठला असंल," ती म्हणाली. "देवाचं पोरगं हाय. ते न्हाई उठणार तर कोण उठणार?"

अडली ती सहाव्या प्रश्नाला. तारण कामानं मिळत नाही, दानधर्मानं नाही, नुसत्या विश्वासानं मिळतं. ते फुकट आहे, त्याला कृपा म्हणतात. तिनं पळी तशीच हातात धरली.

"मंग मी एवढी वर्सं लेकरायला जेवू घातलं, ते?"

"ते यात धरत नाहीत."

थोडा वेळ ती खिचडी ढवळत राहिली. मग म्हणाली, "बरं हाय. न्हाईतर सरपंचाची बायको दरसाली अन्नदान करती. ती माझ्या पुढं उभी राहिली असती."

कृपेबद्दल मी जाडजूड पुस्तकं वाचली होती. इतकं थोडक्यात ते कुणी सांगितलं नव्हतं. पण मी काय केलं, तर त्याच दुपारी हे वाक्य स्टाफरूममध्ये तिच्या आवाजाची नक्कल करून सांगितलं. मुख्याध्यापक पोट धरून हसले. त्यानंतर रोजच ते विचारायला लागले, "काय सर, आज तुमची शिष्या कुठवर आली?" आणि मी रोज काहीतरी घेऊन जायला लागलो.

आता मास्तरांची वाचायची एक पद्धत असते, ती सांगायला हवी. एक ओळ पुस्तकातली वाचायची, पुढची आपल्या पदरची घालायची, आणि आवाज एकच ठेवायचा. तीस वर्षं मी असंच शिकवत आलो. पोरांना त्याचा त्रास होत नाही. त्यांच्यापुढे पुस्तक उघडं असतं, मास्तर कुठं शिरले ते त्यांना दिसतं. मावशीपुढे काही उघडं नव्हतं. हातात कागद धरून मी जे बोलेन ते तिच्या लेखी कागदातलं होतं. एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खरं तर आली होती. कागद हातात असला की ती माझ्याकडे कशी बघते हे मला दिसत होतं, आणि ते बघणं मला आवडत होतं.

पोरांच्या आधी शिक्षकांनी खिचडी चाखायची असा नियम आहे. एके दिवशी ती वाटी घेऊन स्टाफरूममध्ये आली. आम्ही तिघं होतो: मुख्याध्यापक, एक नवीन लागलेले शिक्षक आणि मी.

"काय मावशी," चमचा तोंडात घालत मुख्याध्यापक म्हणाले, "स्वर्गात खिचडी मिळते का हो?"

"मिळंल की. पण चाखायला हेडमास्तर न्हाईत तिथं."

नवीन शिक्षक टेबलावर हात आपटून हसले. मुख्याध्यापकही हसले. हशा तिला मिळाला होता. मला एवढंसं सहन झालं नाही. कागद माझ्या खिशात होता. मी तो काढला, चष्मा लावला आणि वर्गातल्या आवाजात वाचायला लागलो, "प्रश्न सहावा. तारण कोणाला मिळतं? जो विश्वास ठेवतो त्याला." आणि न थांबता, कागदावरची नजर न काढता, त्याच आवाजात पुढे म्हणालो, "ज्यांनी हे नाव कधी ऐकलंच नाही, ते बाहेर. उसाच्या फडावर मेलेली नऊ वर्षांची पोरगी, तीसुद्धा बाहेर."

नवीन शिक्षकांच्या तोंडून हसू निघालं आणि अर्ध्यात थांबलं. मुख्याध्यापकांनी वाटी खाली ठेवली.

"असं लिव्हलंय?" तिनं विचारलं.

तिनं सरळ प्रश्न विचारला होता. उत्तर एका शब्दाचं होतं. मी कागदाची घडी घातली आणि म्हणालो, "पुढचं उद्या."

उद्या ती वर्गाला बसली नाही. परवाही नाही. खिचडीत मीठ बराबर होतं, पोरांवर ओरडणं नेहमीचं होतं. मी बादलीवर जाऊन बसलो की ती मोठं पातेलं घासायला हातपंपावर जायची. मी मनात म्हटलं, विचार करतेय, चांगलं आहे. माणसाला विचार करायला लावणं यालाच तर शिक्षण म्हणतात. स्वतःची समजूत घालायला माझ्याकडे अशी वाक्यं भरपूर होती.

बुडीचा रविवार आला. कयाधूच्या पुलाखाली डोहासारखं कमरेएवढं पाणी असतं, तिथं जमायचं होतं. मला पाळकांनी निरोप पाठवला होता, 'तुम्ही शिकवलंत, तुम्ही या.' मी गेलो तो पुढे सांगायला एखादा किस्सा मिळेल म्हणून. भोंगा नव्हता. झगा नव्हता. पाळक जुना पांढरा शर्ट घालून, पँट गुडघ्यापर्यंत वळून पाण्यात उभे होते, आणि थंडीनं त्यांचे दात वाजत होते. थट्टा करावी असं तिथं काही सापडेना. चार जण उतरले, सवालांना उत्तरं दिली, पाण्याखाली गेले, वर आले. पाचवी मावशी. कोरडं लुगडं असलेली पिशवी काठावर ठेवून ती पाण्याच्या कडेशी उभी राहिली. उतरली नाही.

"आधी माझ्या पोरीचं सांगा," ती म्हणाली. "ती बाहेर हाय ना?"

"कोण म्हणतं, याडी?"

"कागदात हाय."

"कागदात असं न्हाई."

"सरांनी वाचून दावलं. सर कागदात नसलेलं कशाला वाचतील?"

सगळे माझ्याकडे वळले. पाळकांनी पाण्यातूनच, अगदी अदबीनं विचारलं, "कुठं आहे सर ते? मला दाखवता का?"

कागदात त्या मुलीबद्दल एक अक्षर नव्हतं. न ऐकलेल्यांबद्दलही नव्हतं. ते वाक्य मी, एका वाटीभर हशासाठी, माझ्या पदरचं घातलं होतं. 'मी जोडलं' एवढे दोन शब्द बोलायचे होते. समोर पंधरा-वीस माणसं होती, तांड्यातली. त्यातल्या निम्म्यांच्या पोरांना मी शिकवलेलं होतं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "तसा अर्थ निघतो."

पाळक पाण्यातून दोन पावलं काठाकडे आले. मग तिला म्हणाले, "याडी, त्या लेकराचं काय झालं हे मला ठाऊक न्हाई. कागदात बी न्हाई. ज्याला ठाऊक हाय त्याच्यावर मी विश्वास ठेवतो. माझ्याजवळ एवढंच हाय."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. मग पिशवी उचलली आणि चढ चढून निघाली. लुगडं पिशवीत तसंच.

माझ्या वडिलांनी तरुणपणी घरातले देव उचलून नदीत सोडले आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली. त्या आठवड्यात गावच्या पारावर एकानं त्यांना विचारलं होतं, "काय रे, आता तुमची मेलेली माणसं कुठं जाणार?" पार हसला होता. ते वाक्य वडील मरेपर्यंत विसरले नाहीत. मी ते त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं, की पारावरच्या त्या माणसाचा चेहरासुद्धा मी मनात तयार केला होता. पुलावरून परत येताना मला कळलं, की तो तयार करायची काही गरज नव्हती.

सोमवारी मी किचनशेडमध्ये गेलो. तिनं पातेलं उचललं नाही, पण वरही पाहिलं नाही. मी बादलीवर बसलो नाही.

"मावशी," मी म्हणालो, "ते कागदात नाही. पोरीचं. मी जोडलं होतं."

"काहून?"

"हसवायला."

तिनं जाळ मागे ओढला. मग म्हणाली, "त्या दिवशी मोठ्यानं वाचलं सगळ्याईसमोर. आज एवढं हळू काहून बोलून राहिले?"

मी स्टाफरूममध्ये गेलो आणि दोघांना मोठ्यानं सांगितलं. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, चूक कबूल करायला मन मोठं लागतं." नवीन शिक्षकांनी मान डोलावली. दोन मिनिटांत माझा छोटासा सत्कारच झाला, शाल तेवढी नव्हती. आणि मला, लाज वाटते सांगायला, जरा बरं वाटलं. ज्या बाईसमोर हे बोलायचं होतं ती हातपंपावर पातेलं घासत होती. तिला बोलावून आणावं हे मला घरी पोचल्यावर सुचलं.

संध्याकाळी पाळकांच्या दुकानात गेलो. ते एका झंपरला काजं करत होते. मी सांगितलं. त्यांनी सुई थांबवली नाही.

"मला काठावरच समजलं होतं, सर."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"चार माणसांत तुमची इज्जत गेली असती."

"आणि तिचं?"

"तिला सांगितलं ना, कागदात न्हाई म्हणून. पण तुमचं वजन जास्त," ते म्हणाले, आणि दातानं धागा तोडला.

ती जानेवारीत पाण्यात उतरली. मला निरोप नव्हता. नवीन शिक्षकांकडून कळलं, की सातही सवाल पाळकांच्या बायकोनं तिच्याकडून तोंडपाठ करून घेतले. सगळ्या सवालांना तिनं 'व्हय' म्हटलं, आणि मग पाण्यात उभं राहून स्वतःच एक सवाल पाळकांना विचारला. काय विचारलं ते काठावर ऐकू आलं नाही. पाळकांनी काहीतरी उत्तर दिलं, आणि तिनं डोळे मिटले.

मी चार दिवस थांबलो. मग चाखायची वाटी घेऊन ती आली तेव्हा, स्टाफरूममध्ये, दोघांच्या देखत विचारलं, "मावशी, पाण्यात पाळकांना काय विचारलंत?"

"पोरीचं."

"काय म्हणाले ते?"

तिनं वाटी माझ्यापुढे ठेवली, पदरानं हात पुसले. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"न्हाई सांगणार," ती म्हणाली. "तुमी त्यात अजून काई जोडाल."

मुख्याध्यापक हसले. मी वाटीतली खिचडी खाल्ली आणि चांगली झालीय म्हणालो.